रोखे मुदतीआधी परत घेतले गेले तर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. व्याजदर उतरू लागले की कंपन्या आपली जुनी, महागात पडलेली कर्जे फेडून त्यांच्या जागी स्वस्त कर्जे उभारण्याच्या मागे लागतात. साहजिकच या वेळी आलेल्या पत्रांत ‘कॉलेबल’ रोख्यांविषयीची, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी रक्कम परत करून मोकळे होण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेल्या रोख्यांविषयीची, पत्रे बरीच आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पाच वर्षांपूर्वी एका वित्त कंपनीच्या दहा वर्षे मुदतीच्या कर्जरोख्यांत दहा लाख रुपये गुंतवले. व्याज साडेनऊ टक्के आहे. आता पुढच्या महिन्यात मुद्दल परत करणार असल्याचे कंपनीचे पत्र आले आहे. मला मुद्दल नको, व्याज चालू राहायला हवे आहे. मला नकार देता येईल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : माहितीपत्रकात कॉलची अट दिलेली असेल आणि कंपनीने ती अटीप्रमाणेच वापरली असेल, तर आपल्याला नकार देता येणार नाही. कॉलची तारीख उलटली की त्या रोख्यावरचे व्याज थांबते. आपण पैसे खात्यात येऊ दिले नाहीत तरी व्याज पुढे चालू राहत नाही. आपण एवढे मात्र तपासून घ्यावे : कॉलची अट मूळ माहितीपत्रकात आहे का, त्यात दिलेली तारीख आणि पत्रातली तारीख एकच आहे का, सेबीच्या नियमाप्रमाणे किमान एकवीस दिवस आधी सूचना मिळाली आहे का, आणि शेवटच्या व्याजाच्या तारखेपासून कॉलच्या तारखेपर्यंतचे व्याज मुद्दलासोबत दिले जाणार आहे का. काही रोख्यांत मुदतीआधी परतफेड केल्यास दर्शनी किमतीपेक्षा, म्हणजे रोख्यावर छापलेल्या मुद्दलापेक्षा, थोडी जास्त रक्कम देण्याची अट असते. तशी ती आपल्या रोख्यात असेल तर ती रक्कमही आपल्या हक्काची आहे.

आपला तोटा किती होतो तेही पाहू. दहा लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला ९५,००० रुपये येत होते. तेच पैसे आज साडेसात टक्क्यांनी गुंतवावे लागले, तर वर्षाला ७५,००० येतील. वीस हजारांचा हा फरक पुढची पाच वर्षे सोसावा लागेल, म्हणजे एकूण एक लाख. मुद्दलाचा एक पैसाही बुडालेला नसताना हे उत्पन्न गेले, आणि नेमक्या याच कारणाने ही जोखीम लोकांच्या लक्षात येत नाही. व्याजदर वाढून अकरा टक्क्यांवर गेले असते, तर कंपनीने कॉल केला नसता आणि आपल्याला साडेनऊ टक्क्यांवरच दहा वर्षे काढावी लागली असती. पैसे परत करायचे की ठेवून घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क एकट्या कंपनीला आहे, आणि तिच्या फायद्याची वेळ ही बहुतेक वेळा आपल्या गैरसोयीचीच असते. भाडेकरूने करार दहा वर्षांचा करावा, शेजारी स्वस्त घर मिळाले की सोडून जाण्याची मुभा स्वतःला ठेवावी, आणि भाडी वाढली तर मालकाला मात्र त्याच भाड्यात दहा वर्षे थांबायला लावावे, असा हा व्यवहार आहे.

हाती येणाऱ्या रकमेसाठी पहिला विचार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा करावा. आपली तीस लाखांची मर्यादा संपलेली नसेल, तर खाते उघडताना लागू असलेला दर पाच वर्षे पक्का राहतो (एप्रिल २०२३ मध्ये तो ८.२ टक्के झाला). उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवता येईल. त्यांचा दर कंपनीच्या रोख्यांपेक्षा कमी असतो, पण कॉलची अट त्यांत सहसा नसते, आणि ज्यांचे घर व्याजावर चालते त्यांच्यासाठी हे फार मोलाचे आहे.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात आयडीबीआयचे १९९६ सालचे डीप डिस्काउंट बाँडचे प्रमाणपत्र सापडले. त्यावर पंचवीस वर्षांनी दोन लाख रुपये मिळतील असे छापले आहे. ते मिळतील का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन लाख मिळणार नाहीत. हा बाँड ५,३०० रुपयांना दिला गेला होता आणि ठरावीक टप्प्यांवर तो परत घेण्याचा हक्क आयडीबीआयने राखून ठेवला होता. २००० साली तो हक्क वापरून हे बाँड १०,००० रुपयांना परत घेण्यात आले. साडेचार वर्षांच्या आत ५,३०० चे १०,००० होणे म्हणजे वर्षाला पंधरा टक्क्यांहून अधिक परतावा, आणि तो चांगलाच होता. पण पुढची एकवीस वर्षे तसाच दर मिळत राहील ही आशा मात्र तिथेच संपली. पत्ता बदललेल्या, वर्तमानपत्रातली सूचना नजरेतून सुटलेल्या असंख्य घरांत ही प्रमाणपत्रे तशीच पडून राहिली, आणि दोन लाखांच्या भरवशावर लोक २०२१ ची वाट पाहत बसले. आपण प्रमाणपत्राची प्रत, वारसा हक्काची कागदपत्रे आणि केवायसी घेऊन बँकेकडे लेखी अर्ज करावा. कॉलच्या वेळची रक्कम तेव्हा वडिलांनी घेतली होती का, हे त्यातून कळेल.

प्रश्न : ऑनलाइन बाँड विकणाऱ्या एका ॲपवर दर्शनी किंमत १,००० रुपये आणि व्याज १० टक्के असलेला रोखा १,०८० रुपयांना मिळतो आहे. मुदत आठ वर्षे उरली आहे. परतावा ८.५८ टक्के दाखवला आहे. दोन वर्षांनी कॉल आहे असे खाली बारीक अक्षरात लिहिले आहे. ८.५८ हा आकडा बरोबर आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आकड्याचे गणित बरोबर आहे, पण आपल्या हातात तो पडण्याची शक्यता कमी आहे. हा मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजे ‘यील्ड टू मॅच्युरिटी’ आहे. रोखा पूर्ण आठ वर्षे चालेल असे त्यात धरलेले असते. पण दहा टक्के व्याजाचा रोखा बाजारात १,०८० ला विकला जातो, याचाच अर्थ त्या कंपनीला आज नवे कर्ज दहा टक्क्यांपेक्षा बऱ्याच कमी दराने मिळू शकते. मग दोन वर्षांनी कॉलची तारीख आल्यावर ती दहा टक्के का देत राहील?

कॉल झाला असे धरून हिशोब मांडू. आज खिशातून १,०८० रुपये गेले. पहिल्या वर्षी १०० रुपये व्याज आले, दुसऱ्या वर्षी १०० रुपये व्याज आणि १,००० रुपये मुद्दल आले. परत आले एकूण १,२००. म्हणजे दोन वर्षांत फायदा १२० रुपयांचा, २०० रुपयांचा नव्हे. जास्तीचे दिलेले ८० रुपये व्याजातूनच वळते झाले. हा परतावा वर्षाला सुमारे ५.६६ टक्के पडतो. याला ‘यील्ड टू कॉल’ म्हणतात. कॉलच्या सगळ्या तारखा आणि शेवटची मुदत यांपैकी ज्या तारखेला परतावा सर्वांत कमी पडतो, तो आकडा म्हणजे ‘यील्ड टू वर्स्ट’. आपल्या रोख्याचा तो ५.६६ आहे, आणि खरेदीचा निर्णय त्याच आकड्यावर घ्यावा. एवढा परतावा तर मोठ्या बँकेच्या ठेवीतही मिळतो, आणि तिथे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षणही असते.

लक्षात ठेवायला सोपा नियम असा आहे : रोखा दर्शनी किमतीपेक्षा महाग मिळत असेल, तर पहिली कॉल तारीख हीच त्याची मुदत समजावी, स्वस्त मिळत असेल, तर शेवटची तारीख ही मुदत समजावी. दोन्ही वेळा आपल्याला वाईट पडणारी बाजू धरली जाते. अशी धरलेली बरी, कारण कंपनीही तीच बाजू निवडते.

या रोख्याची किंमतही दोन्ही बाजूंनी सारखी हलत नाही. व्याजदर उतरले की साध्या रोख्याची किंमत चढत जाते. कॉलेबल रोख्याची किंमत मात्र कॉलच्या किमतीच्या आसपास अडते, कारण लवकरच १,००० रुपयांना परत जाणारी वस्तू १,१५० ला कोण घेणार? व्याजदर वाढले, तर ती साध्या रोख्यासारखीच पडते. चढण्याला अशी मर्यादा आणि पडण्याला नाही, हे जाणूनच व्यापारी अशा रोख्याला जास्त व्याज मागतात, आणि आपणही मागायला हवे.

प्रश्न : बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने ‘परपेच्युअल बाँड’ सुचवला आहे. त्याला मुदतच नाही असे कागदावर लिहिले आहे, पण पाचव्या वर्षी कॉल असल्यामुळे तो पाच वर्षांचाच समजा, असे त्यांचे म्हणणे आहे. व्याज ठेवीपेक्षा दीड टक्का जास्त आहे.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे म्हणणे धोकादायक आहे, आणि ते तोंडी सांगितले गेले आहे हे लक्षात घ्या. कॉल हा बँकेचा हक्क आहे, तिच्यावरचे बंधन नाही. भारतातल्या बँकांनी आजवर बहुतेक वेळा पहिल्या तारखेलाच पैसे परत केले आहेत; पण तो रिवाज आहे, हमी नव्हे. स्पेनच्या सांतांदेर बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दीड अब्ज युरोच्या अशाच रोख्यांचा पहिला कॉल वापरला नाही, कारण नवे रोखे काढणे तिला महाग पडत होते. गुंतवणूकदारांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दर चढलेले असताना किंवा बँक अडचणीत असतानाच कॉल टळतो, आणि आपल्याला बाहेर पडण्याची गरज वाटते तीही नेमकी त्याच वेळी.

कॉलपेक्षाही मोठी गोष्ट या रोख्यांच्या प्रकारात दडलेली आहे. बँकांचे परपेच्युअल रोखे बहुधा ‘एटी-वन’ वर्गातले असतात. बँकेला भांडवल कमी पडले तर आधी बुडावेत, यासाठीच ते निर्माण केलेले आहेत. व्याज एखाद्या वर्षी दिले नाही तर ते साठून पुढे मिळत नाही. बँकेचे मूळ भांडवल ठरावीक पातळीखाली गेले, किंवा बँक स्वतःच्या बळावर चालू शकत नाही असे रिझर्व्ह बँकेने ठरवले, तर मुद्दल पूर्ण पुसून टाकता येते. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे असे रोखे एका फटक्यात शून्य करण्यात आले. भागधारकांचे शेअर मात्र शून्य झाले नाहीत. हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांनी मुदत ठेवीला पर्याय म्हणून हे रोखे घेतले होते, त्यांत निवृत्त माणसेही होती, आणि न्यायालयाच्या तारखा मोजत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली.

याच अनुभवानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने हे रोखे फक्त संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच द्यावेत आणि किमान व्यवहार एक कोटीचा असावा, असे ठरवले. त्याआधीचे दहा लाखांचे रोखे दुय्यम बाजारात, म्हणजे गुंतवणूकदारांच्या आपापसातल्या खरेदी-विक्रीत, फिरतात, आणि आपल्याला बहुधा तसाच एखादा सुचवला गेला असावा. दीड टक्का जास्तीचे व्याज म्हणजे दहा लाखांवर वर्षाला १५,००० रुपये. एवढ्यासाठी पूर्ण मुद्दल पणाला लावावे असे आम्हाला अजिबात वाटत नाही. मॅनेजरांना ‘पाच वर्षांचाच समजा’ हे वाक्य बँकेच्या ईमेलवरून लिहून पाठवायला सांगा.

प्रश्न : कॉलची अट रोख्यात नसेल, तर मुदतीआधी कुणीच तो परत घेऊ शकत नाही, हे खरे ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : कराराच्या दृष्टीने खरे आहे, आणि तरीही एक मोठा अपवाद घडलेला आहे. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ साली ३,६०० रुपयांचे रोखे विकले. जानेवारी २०१४ मध्ये त्यांचे १,११,००० रुपये मिळायचे होते. मधल्या टप्प्यांवर, म्हणजे सात, अकरा आणि पंधरा वर्षांनी, अनुक्रमे १२,५००, २५,००० आणि ५०,००० रुपये घेऊन बाहेर पडण्याची मुभा गुंतवणूकदाराला होती. निगमला मात्र परत घेण्याचा हक्क नव्हता. सोने विकून मुलीच्या शिक्षणासाठी हे रोखे घेणाऱ्यांनी आपला हिशोब १,११,००० वरच बांधलेला असणार. पुढे हे कर्ज निगमला जड झाले. २००८ साली गुजरात विधानसभेने कायदा करून निगमला हे रोखे परत घेण्याचा अधिकार दिला, आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन ते परत घेण्यात आले.

पहिल्या पंधरा वर्षांचा परतावा वर्षाला एकोणीस टक्क्यांच्या आसपास पडला, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण ५०,००० चे पाच वर्षांत १,११,००० होणे म्हणजे आणखी पाच वर्षे वर्षाला १७.३ टक्के, तेवढे हातचे गेले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.५ टक्क्यांवर आणला होता. ते ५०,००० एखाद्याने साडेआठ टक्क्यांनी गुंतवले असते, तरी पाच वर्षांनी त्याच्या हाती ७५,००० च्या थोडे वर आले असते, म्हणजे प्रत्येक रोख्यामागे सुमारे ३६,००० रुपये कमी. रोख्याचा दर बाजाराच्या मानाने फार चढा असेल, तर तो शेवटपर्यंत देणे कर्जदाराला झेपेल का, हा प्रश्न सरकारी नाव असले तरी विचारावा.

प्रश्न : माझ्या बँकेने मुदत ठेवीच्या दोन योजना दाखवल्या, ‘कॉलेबल’ आणि ‘नॉन-कॉलेबल’. मग कॉलेबल ठेवही टाळावी का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. ठेवीच्या बाबतीत हक्क उलट बाजूला आहे. कॉलेबल ठेव आपण मुदतीआधी मोडू शकता, नॉन-कॉलेबल मोडता येत नाही आणि म्हणून तिला थोडे जास्त व्याज मिळते. ऑक्टोबर २०२३ पासून एक कोटीपर्यंतच्या वैयक्तिक ठेवींना मुदतीआधी काढण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक आहे. सार्वभौम सुवर्ण रोख्यांतून पाचव्या वर्षानंतर व्याजाच्या तारखेला बाहेर पडता येते, तीही अशीच गुंतवणूकदाराच्या बाजूची सोय.

प्रश्न : इथे न्यू जर्सीत आमच्या ब्रोकरने तीस वर्षांचे म्युनिसिपल बाँड सुचवले आहेत. दहाव्या वर्षी कॉल आहे. त्यांनाही हेच लागू पडते का?
(एक वाचक, एडिसन)

उत्तर : तत्त्व तेच. अमेरिकेत लांब मुदतीच्या म्युनिसिपल बाँडांना दहा वर्षांनी दर्शनी किमतीला कॉल असणे हा रूढ प्रकार आहे, आणि त्यांतले पुष्कळसे पाच टक्के व्याजाचे असून दर्शनी किमतीपेक्षा महाग विकले जातात. तिथल्या नियमांप्रमाणे खरेदीच्या पावतीवर कॉल आणि मुदतपूर्ती यांपैकी जो परतावा कमी असेल तो छापावा लागतो, त्यामुळे आपले काम सोपे आहे. पावतीवरचा आकडाच पाहा. कंपन्यांच्या रोख्यांत ‘मेक-होल’ कॉल असेल तर फारशी चिंता नको. त्यात मुदतीआधी परतफेड करताना उरलेले व्याज आणि मुद्दल यांची आजची किंमत सरकारी रोख्यांच्या दरावर थोडी भर घालून काढलेल्या दराने मोजून द्यावी लागते, म्हणून केवळ दर उतरले एवढ्यासाठी तसा कॉल करणे कंपनीला सहसा परवडत नाही.

प्रश्न : कॉल असलेला रोखा नसलेल्यापेक्षा पाव टक्का जास्त देत असेल, तर घ्यावा का? आणि कर कसा लागतो?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : पाव टक्का म्हणजे दहा लाखांवर वर्षाला २,५०० रुपये. पाच वर्षांनी कॉल झाला, तर आपण जास्तीचे कमावले १२,५०० रुपये. साध्या रोख्याचा दर सव्वानऊ टक्के होता आणि कॉलनंतर साडेसात टक्क्यांनीच पैसे गुंतवता आले असे धरले, तर उरलेल्या पाच वर्षांत १७,५०० प्रमाणे ८७,५०० रुपये गमावले. दर उतरलेच नाहीत, तर पूर्ण दहा वर्षांत २५,००० रुपये जास्तीचे मिळतील. १२,५०० किंवा २५,००० च्या मोहात ८७,५०० ची जोखीम घ्यायची का, हा सौदा आहे. आमच्या मते पाव टक्क्याला तो महाग आहे. कॉलची तारीख खूप लांब असेल, किंवा ज्या वर्षी कॉल आहे त्याच वर्षी आपल्याला मुलाच्या शिक्षणासाठी वा घरासाठी पैसे लागणार असतील, तर मात्र तो विचारात घेण्यासारखा आहे.

करात एक गोष्ट हमखास निसटते. शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या रोख्याचे व्याज आपल्या उत्पन्नात मिळवून गटाच्या दराने करपात्र होते, पण जास्त किमतीला घेतलेला रोखा दर्शनी किमतीला परत गेल्यावर झालेला तोटा हा भांडवली तोटा धरला जातो आणि व्याजातून तो वजा करता येत नाही. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या रोख्यावरचा हा तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वळता होतो, आणि तसा नफा नसेल तर आठ वर्षे पुढे ओढता येतो. वर पुण्याच्या वाचकांनी विचारलेल्या १,०८० रुपयांच्या रोख्याचेच पाहा. तीस टक्के गटातल्या माणसाला २०० रुपये व्याजावर अधिभार सोडून ६० रुपये कर भरावा लागेल. १२० रुपयांच्या फायद्यातून ६० गेले, हाती ६० उरले. १,०८० रुपयांवर दोन वर्षांत ६० रुपये म्हणजे वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि ॲपवर त्याच रोख्याशेजारी ८.५८ छापलेले असते.